शांततेच्या पुड्या

स्नेहल: उंदरानं वायर कुरतडलेली नाही, काकू. मी गच्चीपासून खांबापर्यंत बघून आले.

सरुबाई: मग माझा फोन मधेच तुटतो कशानं? भिकाच काहीतरी करत असेल. केबलवाल्याचा काय भरवसा? क्रिकेटच्या दिवशी बरं सगळं नीट चालतं त्याचं.

स्नेहल: भिकाभाऊंना बोल लावू नका. त्यांच्या खोलीत दिवाळीपासून आमच्या कंपनीचा डबा बसवलाय, चाचणीसाठी. आख्ख्या कॉलनीचं इंटरनेट त्यातूनच जातं, तुमचा कॅनडाचा फोनसुद्धा. चुकत असेल तर माझा डबा चुकत असेल. म्हणून तर जेवायच्या सुट्टीत अंबडच्या ऑफिसातून धावत आलेय.

सरुबाई: तुझा डबा कशाला चुकेल? त्याच्यापायी तू वरच्या खोलीत किती जागतेस, मला काय दिवा दिसत नाही? भाडेकरू म्हणून आलीस आणि लेकीसारखी काळजी लावून ठेवलीस. आधी ही भगर घे. एकादशी धरत नाहीस, निदान खाऊन तरी पुण्य लागू दे.

स्नेहल: द्या. आमटी जरा जास्त. हं, आता सांगा. धनराजदादांचा फोन येतो कधी?

सरुबाई: गुरुवारी, पहाटेचा. तिकडे बुधवारची रात्र असते. मला मोठी मौज वाटते गं. मी आजमध्ये बसलेली, आणि तो अजून कालमधून बोलतोय. कधी कधी वाटतं, त्याला म्हणावं, ये पुढं, इथं उजाडतंय, घाबरण्यासारखं काही नाही.

स्नेहल: आणि मग?

सरुबाई: मग तो बोलतो. बर्फाचं बोलतो. कामावरचं बोलतो. घरासमोर कसलंसं झाड आहे, त्याची पानं लाल होऊन गळतात, ते सांगतो. मी डोळे मिटून घेते. झाड दिसतं मला. एकदा तर त्याखाली तो शाळेच्या गणवेशात उभा दिसला.

स्नेहल: तुम्ही काय बोलता त्यांच्याशी?

सरुबाई: मी ऐकते.

स्नेहल: म्हणजे, त्या वेळेला तुमचं...

सरुबाई: स्नेहल.

स्नेहल: नाही म्हणत. पण मला माहीत आहे, काकू. दूधवाल्याशी तुम्ही बोटांनी बोलता. सूर्याला पाणी घालून होईपर्यंत...

सरुबाई: माहीत असू दे. म्हणू नकोस. सांगितलेला नेम म्हणजे बूच न लावलेलं अत्तर. माझी आई म्हणायची असं.

स्नेहल: दादांना ठाऊक आहे?

सरुबाई: तो गेल्यावर धरला. त्याला कुठून ठाऊक असणार?

स्नेहल: अहो, म्हणजे त्यांना वाटत असेल, आई रागानं तोंड मिटून बसलीय!

सरुबाई: वाटत असेल. तरी करतो ना फोन. कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षी गेला तो. त्यानंतर ना पत्र, ना फोन. नुसतं कुणाकडून तरी कळायचं, बरा आहे म्हणून. आणि या संक्रांतीला त्यानं कुरिअरनं ही पांढरी डबी पाठवली, इंटरनेटवरून फोन येतो ती. तूच नाही का जोडून दिलीस फोनला? त्याच गुरुवारी वाजला. माझ्या हातात तेव्हा पळीपंचपात्र. तसंच ठेवलं आणि उचलला.

स्नेहल: आणि तुटतो केव्हा? बोलता बोलता?

सरुबाई: बोलताना नाही तुटत. अडला की तुटतो.

स्नेहल: अडला म्हणजे?

सरुबाई: तुला कुठं माहीत असणार. धनराजची जीभ अडते. लहानपणापासून. काही पोरं तेच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतात, तसं फार नाही. याचा शब्द आतून दाराशी येतो आणि कडी निघत नाही. ओठ हलतात, आवाज नाही. स्वतःचं नाव विचारलं की झालंच. मास्तर, पाहुणे, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मग मीच सांगायची, 'याला धनराज म्हणतात.' दुकानात मी, दवाखान्यात मी. तोंड तो उघडायचा आणि वाक्य माझं निघायचं. मला वाटायचं, मी हात देतेय.

स्नेहल: आणि त्यांना?

सरुबाई: जायच्या दिवशी सांगून गेला. सकाळची वेळ. ते एवढं एकच मात्र न अडता म्हणाला बघ. 'आई, तू मला माझं एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस.' आणि रिक्षात बसला. मी उत्तर द्यायला फाटकाशी आले, तर रिक्षा त्रिमूर्ती चौकाकडे वळलेली. वळली तेच बरं झालं. नाहीतर तेव्हाही मीच बोलले असते.

स्नेहल: म्हणून तीच सकाळची वेळ धरलीत.

सरुबाई: खा. निवतंय.

स्नेहल: काकू, ते अडतात तेव्हा वेळ बराच जातो का?

सरुबाई: मोजत नाही गं. माळ असते हातात. मणी सरत राहतात. आता येईल, आता येईल असं वाटतं. शब्द अगदी ओठाशी आलेला असतो, आईला ते कळतं, आणि नेमकी तेव्हाच लाइन मरते. नंतर नुसतं टूं टूं. आणि अडतोही दर वेळी एकाच जागी. 'आई, सा...' म्हणतो आणि पुढं काही नाही.

स्नेहल: सा?

सरुबाई: काय म्हणायचंय त्याला, देव जाणे. साखर? सातपूर? सासुरवाडी? रात्री पडल्या पडल्या मी सगळे शब्द लावून बघते. मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवते. बघ, अजून सवय जात नाही.

स्नेहल: परत नाही करत फोन?

सरुबाई: नाही. दुखतं ना त्याला. गेल्या गुरुवारी उचलल्या उचलल्या म्हणाला, 'मी अडलो की तू फोन ठेवतेस. आधी माझं वाक्य पुरं तरी करायचीस, आता तेवढाही दम नाही तुला. आज सांगून ठेवतो, पुढच्या गुरुवारी आणखी एकदा करीन. मग नाही करणार.' आणि त्या दिवशीही तिथंच अडला. तिथंच तुटला.

स्नेहल: पुढचा गुरुवार म्हणजे...

सरुबाई: उद्या.

स्नेहल: काकू, भिकाभाऊ नाहीत ते. उंदीरही नाही. तो फोन मी तोडते.

सरुबाई: काहीतरीच काय.

स्नेहल: ऐका तर. दादांचा आवाज अखंड दोरीसारखा येत नाही. त्याच्या बारीक बारीक पुड्या बांधल्या जातात, अंगाऱ्याच्या असतात ना, तशा. प्रत्येक पुडीवर लिहिलेलं असतं, कुणाची, कुणाकडे जायची, कितवी. समुद्राखालून येतात, भिकाभाऊंच्या खोलीत माझ्या डब्याशी येतात. डबा वाचतो आणि पुढं सोडतो. एका सेकंदात लाखो सोडू शकतो.

सरुबाई: पुड्या सोडतेस की काय मला? लाखोंत माझ्या लेकाची पुडी ओळखू येते?

स्नेहल: यायलाच हवी. त्यासाठी त्यातल्या चिपवर एक नाही, आठ प्रोसेसर आहेत. एकाच पाटाएवढ्या जागेत आठ जणी बसल्यात समजा. आधी आम्ही त्यांच्यात एकच यादी ठेवली होती, कोण कुणाशी बोलतंय त्याची. पण एकीनं यादीला हात लावला की बाकीच्या खोळंबायच्या. आठ जणी असून काम दोघींचं.

सरुबाई: हळदीकुंकवाला कोयरी एकच असली की होतं तसं. कपाळ पुढं करून सगळ्या उभ्या.

स्नेहल: तस्संच! मग मी प्रत्येकीला तिची तिची कोयरी दिली. आणि नेम घालून दिला, की एका बोलण्याच्या सगळ्या पुड्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकीच्याच हातात जायच्या. कुणी कुणाची वाट बघायची नाही, आणि शब्दांचा क्रमही मोडत नाही.

सरुबाई: म्हणजे माझ्या धनराजसाठी एक ठरलेली आहे?

स्नेहल: फोन लागला की ठरते. संपेपर्यंत तीच.

सरुबाई: बरं वाटलं गं. मला वाटायचं, एवढ्या लांब तारेत तो एकटाच आहे. कुणीतरी बसलेलं आहे म्हणजे त्याच्यासाठी. कशी दिसत असेल? मला तर नऊवारीतली दिसते, मान खाली घालून बसलेली.

स्नेहल: दिसत नाही हो, नखाएवढीही नाही ती. पण चूक तिची नाही, माझी आहे. तिच्यापुढची जागा छोटी. हाताशी असलेल्या वाट्यांतून वाढायचं तर हात भराभर चालतो. उठून फडताळातून काढायचं तर वेळ जातो. म्हणून मी ठरवलं, हाताशी गर्दी नको. काही क्षण दोन्हीकडून पुडी आली नाही, की बोलणं संपलं समजायचं आणि त्याची वाटी, म्हणजे त्याची नोंद, उचलायची. डबा पळतो तो याच युक्तीवर. शुक्रवारी डबा विकत घेणारी पुण्याची माणसं हाच वेग बघायला येताहेत.

सरुबाई: पण फोन तर चालू असतो. नुसतं गप्प बसलं तर पुड्या जात नाहीत?

स्नेहल: नाही ना! या पांढऱ्या डबीला तसंच शिकवलेलं असतं, आवाज नसेल तर काही पाठवू नको, उगाच रस्ता अडवू नको. दादा अडले. तुम्ही... तुम्ही ऐकत होतात. इकडून पुडी नाही, तिकडून नाही. तिनं वाटी उचलली. त्यानंतर दादांचा शब्द सुटला असेल, काकू. दर गुरुवारी सुटला असेल. पुडी दाराशी आली असेल आणि ती म्हणाली असेल, हे कोण? मी यांना ओळखत नाही.

सरुबाई: आला होता?

स्नेहल: हो.

सरुबाई: कुठपर्यंत?

स्नेहल: भिकाभाऊंच्या खोलीपर्यंत.

सरुबाई: म्हणजे दत्तमंदिराच्या बोळापर्यंत. समुद्र ओलांडून बोळाच्या तोंडाशी आलेला. आणि मी इथं माळ घेऊन.

स्नेहल: कुणाची तक्रारच आली नाही हो. आपल्या कॉलनीत दोघांनी मिळून एवढा वेळ गप्प बसणारं आहे तरी कोण? समोरच्या कलाबाई लेकीशी बोलतात तेव्हा तर दोघी एकदमच बोलतात. कंपनीतलं चाचणीचं यंत्र नुसतं पुड्या फेकत राहतं, दम म्हणून खात नाही. कुणी बोलता बोलता थांबेल, आणि समोरचं त्याच्यासाठी थांबून राहील, हे मला सुचलंच नाही.

सरुबाई: असं बघ, पंगतीत एखाद्याचा घास अडकला म्हणून त्याचं ताट उचलतात का? तो जेवत असेपर्यंत बाकीचे हात वाळवत बसतात. पण उठत नाहीत.

स्नेहल: नाही उठत.

सरुबाई: रागानं नाही म्हटलं. पाणी पी. डोळे पूस आधी.

स्नेहल: काकू, उद्या एक दिवस बोला ना. नुसतं 'हं' म्हणत राहा. तेवढ्यानं वाटी राहील.

सरुबाई: माझ्या मनात आलं नसेल होय? गेल्या गुरुवारी 'सांग बाळा' अगदी जिभेवर आलं होतं. पण मला मी ठाऊक आहे गं. 'हं' म्हटलं की त्याच्यामागून 'हो का', आणि त्याच्यामागून त्याचं सगळं वाक्य. पुरं करून मोकळी होईन. देवाला दिलेला शब्द एक वेळ देव सोडून देईल. पण त्याला द्यायला माझ्याजवळ एवढंच आहे, हे मिटलेलं तोंड. तेही काढून घेऊ?

स्नेहल: मग मी दादांना ईमेल करते. सगळं समजावून लिहिते.

सरुबाई: ते माझंच बोलणं झालं, तुझ्या हातून. नको.

स्नेहल: बरं. मग डब्यालाच थांबायला शिकवते. एक मिनिट हं. हॅलो, गोरक्ष सर? हो, जेवतेच आहे. सर, वाटी... म्हणजे ती नोंद काढून टाकायची वेळ वाढवायचीय, फोनच्या बोलण्यांसाठी... हो, आजच, भिकाभाऊंकडच्या डब्यात. आणि शुक्रवारच्याही... माहीत आहे सर, वेग खाली येईल... हो, मीच म्हणाले होते कमी ठेवा म्हणून... नाही, वेड नाही लागलं, भगर खाल्लीय फक्त. सर, आपला डबा चालू फोन तोडतो. दोघं गप्प बसले की तोडतो... पुण्याच्या माणसांना मीच सांगीन, का कमी झाला ते... काय? खरंच?... बरं सर. ठेवते.

सरुबाई: ओरडले?

स्नेहल: आधी ओरडले. मग म्हणाले, त्यांच्या घरचा फोनही आपल्याच डब्यातून जातो, आणि भांडण झालं की बायको फोन आपटते असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

सरुबाई: बिचारी! पण तुझं काही नुकसान नाही ना होणार, माझ्यापायी?

स्नेहल: पुण्याची माणसं नाराज होतील कदाचित. होऊ देत. आणखी एक करते, ती पांढरी डबी द्या इकडे. तिला सांगते, आवाज नसला तरी पुड्या पाठवत राहा.

सरुबाई: रिकाम्या?

स्नेहल: रिकाम्या कशा? खोली असते त्यांत. तुमच्या चिमण्या, समईची वात तडतडली तर ते, माळ. शांततेच्या पुड्या.

सरुबाई: त्यानं माझं... ते मोडणार नाही ना? मी बोलले असं नाही ना व्हायचं?

स्नेहल: तुम्ही कुठं बोलताय? घर बोलेल.

सरुबाई: घराला काही नेम घातलेला नाही मी. बोलू दे. काय गं, तो गेला त्या वर्षी मी रामकुंडावर दिवा सोडला होता. द्रोण थोडा गेला आणि पायरीला लागून थांबला. शेजारची म्हणाली, ढकला की. मी हातही पुढं केला होता. मग म्हटलं, नको. बसले. घाटावरचे दिवे लागले, माणसं पांगली, आणि मग कधीतरी पाण्याला वाटलं असेल. आपसूक निघाला. पुलाखाली जाईपर्यंत दिसत होता.

(गुरुवार. अजून उजाडायचं आहे. सरुबाईंच्या घरी फोन वाजतो आणि उचलला जातो.)

धनराज: हॅलो. आई?

सरुबाई: ...

धनराज: उचललास म्हणजे आहेस. बरं. इथं आज बर्फ थांबलाय. आत्ताच पायऱ्या साफ करून आलो. बोटं इतकी गार पडलीत, की फोन ध... धरलाय की नाही तेच कळत नाही.

सरुबाई: ...

धनराज: तू बोलणार नाहीस, माहीत आहे. आज चिडायला नाही केला. मागच्या खेपेला जे बोललो ते... जाऊ दे. मला एकच विचारायचंय. दर वेळी तिथंच अडतो. आज विचारतो, मग ठेव तू. आई, सा...

सरुबाई: ...

धनराज: ...

सरुबाई: ...

धनराज: ...सा...

सरुबाई: ...

धनराज: ...

सरुबाई: ...

धनराज: हे काय वाजतंय? टिक, टिक. माळ आहे ना ती? तुझी तुळशीची. तिचा एक मणी तडकलेला आहे, तो वेगळा वाजतो. लहानपणी मी पांघरुणात पडून त्याची वाट बघायचो.

सरुबाई: ...

धनराज: ठेवला नाहीस.

सरुबाई: ...

धनराज: सा... साक्षी. साक्षी नाव आहे तिचं, आई. माझी मुलगी. तुला कळवलं नाही मी. चार वर्षांची आहे. कपाळ तुझं आलंय, अगदी तुझंच. आणि जीभ माझी. ती अडते, आई. शाळेत बाई नाव विचारतात आणि सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघत राहतात. तिचं नाव माझ्या तोंडात तयार असतं. मला राहवत नाही. मी सांगून टाकतो. मग ती माझ्याकडे बघते. ते डोळे मी ओळखतो गं. मी काय करू? दुसऱ्या कुणाला वि... वि...

सरुबाई: ...

धनराज: ...

सरुबाई: ...

धनराज: ...

सरुबाई: ...

धनराज: ...विचारू.

सरुबाई: ...

धनराज: तू मधे बोलली नाहीस.

सरुबाई: ...

धनराज: आत्ताही नाही. इतके गुरुवार झाले, एकदाही नाही.

सरुबाई: ...

धनराज: रागावली नव्हतीस तू.

सरुबाई: ...

धनराज: असं थांबायचं होय?

सरुबाई: ...

धनराज: बरं.

सरुबाई: ...

धनराज: चिमण्या उठल्या तुझ्याकडे. इथं अजून कालच चाललाय. आई, मोरीत नळाला पाणी आलंय बघ. पिंप भरून वाहतंय, इथपर्यंत ऐकू येतंय. जा, बंद करून ये. सावकाश ये, ओलं असेल. मी थांबतो.